टीका, कटकथा आणि ज्यूद्वेषाचा आरोप : कसे ओळखाल, काय कराल?

ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातल्या युद्धाच्या बातम्या घरोघर पोहोचल्या आणि त्यांच्यामागोमाग दोन प्रश्नही आले. इस्रायलच्या सरकारला बोल लावला की माणसाला ज्यूद्वेषी का ठरवतात, हा पहिला. बँका, वृत्तसंस्था, अमेरिकेचे राजकारण हे सारे मोजक्या ज्यू घराण्यांच्या मुठीत आहे असे सांगणारा मजकूर फिरतो आहे, त्यात खरे किती, हा दुसरा. हे प्रश्न विचारणारी माणसे वेगवेगळी असतात आणि बहुधा एकमेकांवर चिडलेली असतात. आम्हाला मात्र दोन्ही प्रश्न एकाच कसोटीने सुटतात असे वाटते.

कसोटी साधी आहे. आरोप कोणताही असो, तो करणाऱ्याला चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : कृत्य कोणी केले, नेमके काय केले, पुरावा कोणता, आणि काय दाखवले तर आरोप मागे घेतला जाईल. या चारही प्रश्नांना उत्तर देणारे विधान म्हणजे टीका. ती चुकीची असेल, बोचरी असेल, एकांगी असेल, पण टीकाच. ज्या विधानात करणारे कायम 'ते लोक' असतात आणि ज्याला दिलेला प्रत्येक खुलासा कटाचाच आणखी एक पुरावा ठरतो, ती कटकथा, म्हणजे कॉन्स्पिरसी थिअरी. तुमच्यावर ज्यूद्वेषाचा ठपका ठेवणाऱ्यालाही हेच चार प्रश्न विचारायचे असतात. त्याच्याकडे उत्तरे असतील तर ती ऐकून घ्यावी लागतील. नसतील, तर तुम्ही मान खाली घालण्याचे कारण नाही.

कटकथा टिकते कशी?

यासाठी एकच नमुना नीट पाहिला तरी पुरे. 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' हा मजकूर १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या 'झ्नाम्या' या वृत्तपत्रात क्रमशः छापून आला. ज्यू धुरीणांची गुप्त बैठक झाली, तीत जग ताब्यात घेण्याची योजना ठरली, आणि हे त्या बैठकीचे टिपण, असा दावा होता. वृत्तपत्र पावेल क्रुशेवान याचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किशिनेव शहरात ज्यूंची कत्तल होऊन ४९ माणसे मारली गेली होती. तिथे आधी विष पेरणारे स्थानिक वृत्तपत्रही याच गृहस्थाचे. १९२० मध्ये लंडनला इंग्रजी अनुवाद निघाला आणि 'द टाइम्स'सारख्या वृत्तपत्राने यात तथ्य असेल काय, अशी गंभीर चर्चा केली. ऑगस्ट १९२१ मध्ये त्याच वृत्तपत्राचा कॉन्स्टँटिनोपलचा वार्ताहर फिलिप ग्रेव्हज याने दोन पुस्तके शेजारी ठेवून चोरी उघड केली. मॉरिस जोली याने १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनवर टीका करण्यासाठी मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांचा नरकातला काल्पनिक संवाद लिहिला होता. त्यातले उतारेच्या उतारे उचलून 'टिपण' तयार झाले होते. मूळ पुस्तकात ज्यूंच्या कटाचा मागमूसही नाही.

खरे तर तिथेच विषय मिटायला हवा होता. तो मिटला नाही. अमेरिकेत मोटार कारखानदार हेन्री फोर्ड १९२० पासून आपल्या साप्ताहिकातून हाच माल खपवत होते. बनावटीबद्दल विचारल्यावर त्यांचे म्हणणे असे, की हा मजकूर सध्या जे चालले आहे त्याच्याशी जुळतो. बदनामीचा खटला उभा राहिल्यावर १९२७ मध्ये फोर्ड यांच्या नावाने माफीनामा निघाला. (त्याचा मसुदा लुई मार्शल या ज्यू वकिलाने केला होता.) तोवर लेखांची पुस्तके जर्मन भाषेत जाऊन नाझींच्या हाती पोहोचली होती. १९८८ मध्ये हमासने काढलेल्या सनदेच्या बत्तिसाव्या कलमात याच 'प्रोटोकॉल्स'चा आधार घेतलेला आहे. पुरावा खोटा निघाला तरी 'जुळते ना!' एवढ्यावर जी गोष्ट तरून जाते, तिच्याबाबतीत नवे पुरावे शोधत बसण्यात अर्थ नाही. 'जुळते' हा शब्द कुठे येतो, तेवढे पाहावे.

मजकूर हाती आला की पुढे ढकलण्याआधी एवढे तपासा :

- कर्ता कोण? 'नेतान्याहू सरकारने', 'अमुक कंपनीने' असे असेल तर पुढे वाचा. 'ज्यूंनी', 'झायनिस्ट शक्तींनी', 'जागतिक धनकोंनी' असे असेल तर थांबा. नाव बदलून पाहण्याची युक्ती उपयोगी पडते : त्या जागी 'मराठ्यांनी', 'मारवाड्यांनी' किंवा 'मुसलमानांनी' घातले तर वाक्य छापण्याजोगे राहते का?
- आकडा कुठून आला? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या दिवशी ४,००० ज्यू कर्मचारी कामावर गेलेच नाहीत, ही अफवा लेबनॉनच्या अल-मनार वाहिनीने काही दिवसांत पसरवली. आकडा कुठला, तर हल्ल्याच्या परिसरात असू शकतील अशा सुमारे ४,००० इस्रायली नागरिकांबद्दल इस्रायलच्या परराष्ट्र खात्याकडे चौकशी झाली होती, त्या बातमीचा. नातेवाइकांच्या काळजीचा आकडा कटाचा आकडा झाला. प्रत्यक्षात मृतांमध्ये शेकडो ज्यू होते.
- ही गोष्ट आधी कोणाबद्दल सांगितली गेली आहे? १३४८-४९ च्या प्लेगमध्ये ज्यूंनी विहिरींत विष घातल्याची आवई उठली आणि स्ट्रासबुर्गसारख्या शहरांत ज्यू जाळले गेले. प्लेगने ज्यूही मरत आहेत, हे सहावे पोप क्लेमंट यांनी त्या वेळीच लेखी बजावले होते. आपल्याकडे २०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीला तबलिगी जमातीबद्दल असेच रान उठले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. नावे बदलतात, साचा तोच.
- खोटे ठरण्याची वाट आहे का? गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणारे चर्चचे न्यायालय, होते. बाप्तिस्मा घेतलेले ज्यू आतून ज्यूच आहेत, हा संशय. अशाच बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू घराण्यातले, औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारले. पुढे त्यांना दोषी ठरवून १५८० मध्ये त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली. धर्म बदलला तरी संशय फिटत नाही, मेल्यावरही फिटत नाही. अशा आरोपाला उत्तर देता येत नाही, म्हणून तो आरोप म्हणून स्वीकारूही नये.

पण कट खरेच होतात, त्याचे काय?

होतात, आणि हा आक्षेप हसून घालवण्याजोगा नाही. १९५४ मध्ये इस्रायलच्या लष्करी गुप्तचरांनी इजिप्तमध्ये स्थानिक ज्यू तरुणांना हाताशी धरून ब्रिटिश आणि अमेरिकी आस्थापनांत बाँब ठेवायची मोहीम आखली. आळ दुसऱ्यावर जावा, हा हेतू. ती फसली, दोघांना फाशी झाली, इस्रायलमध्ये संरक्षणमंत्री पिन्हास लावोन यांना जावे लागले आणि 'हुकूम कोणी दिला' या वादाने तिथले राजकारण पुढे कित्येक वर्षे ढवळले. हयात असलेल्या हस्तकांचा इस्रायलने २००५ मध्ये जाहीर सन्मानही केला. हा कट खरा होता. म्हणूनच त्यात माणसांची नावे आहेत, खटल्याची कागदपत्रे आहेत, चौकशी समित्या आहेत आणि करणारा 'ज्यू' नसून एका देशाच्या गुप्तचर खात्याची एक तुकडी आहे. ज्या इजिप्ती ज्यूंचा यात काही संबंध नव्हता, त्यांच्यावर मात्र पुढे सरसकट संशय घेतला गेला.

फ्रान्समधले ड्रेफस प्रकरण तर याहून बोलके. १८९४ मध्ये कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीबद्दल शिक्षा झाली. खरा दोषी एस्तराझी नावाचा दुसरा अधिकारी होता आणि त्याला वाचवण्यासाठी लष्करातल्या अधिकाऱ्यांनी बनावट कागद तयार केले. कट होता, पण तो ज्यूंनी केलेला नव्हता, एका ज्यूविरुद्ध केलेला होता. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरले. ते शक्य झाले, कारण त्यांची बाजू मांडणाऱ्यांनी हस्ताक्षर कोणाचे, कागद कोणी बनवला असे मोजके प्रश्न लावून धरले.

आजचे उदाहरण हवे तर पेगासस घ्या. इस्रायलच्या एनएसओ कंपनीने बनवलेल्या या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल जुलै २०२१ मध्ये जगभर बातम्या आल्या, भारतीय पत्रकार आणि कार्यकर्त्यांची नावे आली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. ही कंपनी कोणाला माल विकते, इस्रायलचे संरक्षण खाते निर्यातीला परवाना कसे देते, हे विचारण्यात ज्यूद्वेष नाही. 'ज्यू जगावर पाळत ठेवून आहेत' या वाक्यात आहे. विषय एकच, पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळू शकते, दुसरे वाक्य उत्तर मागतच नाही.

इस्रायलवर टीका : कुठे मोकळे, कुठे जपून

व्याख्यांचा घोळ इथे सुरू होतो, तेव्हा निर्णयापुरते जाणून घ्या. इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने मे २०१६ मध्ये एक कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. तिला ११ उदाहरणे जोडलेली आहेत आणि ती कायद्याने बंधनकारक नाही, असे तिच्यातच म्हटले आहे. इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर केली तर ती ज्यूद्वेष नव्हे, हेही तिच्यात आहे. ते वाक्य आरोप करणारे बहुधा वगळतात. मात्र इस्रायलचे अस्तित्वच वंशवादी आहे असे म्हणणे, किंवा त्याच्या धोरणांची नाझींशी तुलना करणे, ही तिने ज्यूद्वेषाची संभाव्य उदाहरणे म्हणून दिली आहेत. यावर आक्षेप घेणाऱ्या अभ्यासकांनी मार्च २०२१ मध्ये जेरुसलेम जाहीरनामा काढला. त्यात १५ मार्गदर्शक मुद्दे आहेत. इस्रायलवर बहिष्काराची मोहीम किंवा झायनवादाला, म्हणजे ज्यूंचे स्वतःचे राष्ट्र असावे या विचाराला, विरोध या गोष्टी मुळातच ज्यूद्वेषी नाहीत, अशी त्याची भूमिका. पहिल्या व्याख्येचा मसुदा करण्यात प्रमुख असलेले केनेथ स्टर्न यांनीच पुढे ती विद्यापीठांत बोलणे बंद करण्यासाठी वापरायला विरोध केला, हेही लक्षात असू द्या.

व्यवहारात यातून एक सोपा मार्ग निघतो. दोन्ही दस्तऐवज जिथे एकमताने बोलतात तिथे वाद घालू नका : होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) नाकारणे, ज्यूंच्या जागतिक कटाची भाषा, इस्रायलच्या कृत्यांचा जाब कोणत्याही ज्यू माणसाला विचारणे, ज्यू दिसला की 'आधी इस्रायलचा निषेध कर' म्हणून अडवणे. जिथे ते भांडतात, म्हणजे वसाहतवाद, वर्णभेद, बहिष्कार या शब्दांपाशी, तिथला वाद राजकीय आहे. त्यात तुम्ही ठाम बाजू घेऊ शकता. फक्त तुम्ही राहता त्या देशात, त्या संस्थेत कोणती व्याख्या लागू आहे ते आधी माहीत करून घ्या.

ही माहिती न घेतल्यास काय होते, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. झायनवाद आणि हिंदुत्व यांवरच्या, इस्रायली वाणिज्य दूतावासाचा सहभाग असलेल्या मुंबईतल्या एका कार्यक्रमाच्या निषेधाचे निवेदन २०१९ मध्ये निघाले. कवी आणि कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांची त्यावर सही होती. जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या कलाप्रदर्शनाच्या निवड समितीवर ते असताना नोव्हेंबर २०२३ मध्ये एका जर्मन वृत्तपत्राने ती सही वर काढली. निवेदन ज्यूद्वेषी असल्याचे तिथल्या संस्कृतिमंत्र्यांनी म्हटले. होस्कोटे यांनी आरोप फेटाळून राजीनामा दिला आणि काही दिवसांत समितीतले उरलेले सगळे बाहेर पडले. मुंबईत जे निवेदन एका कार्यक्रमापुरता निषेध म्हणून वाचले गेले, ते कासेलमध्ये तिथल्या इतिहासाच्या उजेडात वाचले गेले. आमच्या मते त्या आरोपात कसोटीच्या चौथ्या प्रश्नाला, म्हणजे सही करणाऱ्याचे म्हणणे ऐकून मत बदलण्याच्या तयारीला, फार कमी जागा होती. पण डॉक्युमेंटाची भीतीही निराधार नव्हती : २०२२ च्या प्रदर्शनात एका इंडोनेशियन कलागटाच्या भल्यामोठ्या चित्रफलकावर ज्यूंची उघड विद्रूप चित्रे निघाली होती आणि तो उतरवावा लागला होता.

सोरोस, रॉथशील्ड, लॉबी

श्रीमंत आणि राजकारणात पैसा घालणाऱ्या माणसावर टीका व्हायलाच हवी. ज्यू कुटुंबात जन्मलेले अमेरिकी अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये म्युनिकमध्ये अदानी प्रकरण आणि पंतप्रधान मोदी यांच्यावर भाष्य केले. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यांना खरमरीत उत्तर दिले. यात ज्यूद्वेष शोधणे हा अतिरेक. सोरोस यांच्या संस्थांनी कोणाला किती निधी दिला, यावर खुशाल लिहा. पण एकाच माणसाच्या हातात साऱ्या जगातली आंदोलने, स्थलांतर आणि निवडणुका यांच्या दोऱ्या दिल्या, की तुम्ही 'प्रोटोकॉल्स'च्या अंगणात पोहोचता. हंगेरीत २०१७ मध्ये सरकारने सोरोस यांच्या हसऱ्या चेहऱ्याची भित्तिपत्रके लावली. तिथल्या ज्यू संघटनेने ती काढायला सांगितले, इस्रायलच्या राजदूतानेही नाराजी कळवली, आणि मग इस्रायलच्याच परराष्ट्र खात्याने सोरोस यांच्यावरची टीका अवैध ठरवण्याचा हेतू नसल्याचा खुलासा केला. म्हणजे इस्रायल सरकारचे मत हे ज्यू समाजाचे मत नव्हे, हे खुद्द त्या सरकारने दाखवून दिले. आपल्याकडचे इस्रायलप्रेमी आणि इस्रायलविरोधक दोघेही हे विसरतात.

रॉथशील्ड या ज्यू सावकारी घराण्याबद्दल थोडक्यात. वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी मिळवून नेथन रॉथशील्डने लंडनचा शेअरबाजार लुटला, ही कथा १८४६ च्या एका पॅरिसच्या पत्रकातून पसरली. लेखकाने टोपणनाव 'सैतान' असे घेतले होते. आज त्या घराण्याच्या पेढ्या मोठ्या अमेरिकी बँकांपुढे लहान आहेत.

अमेरिकेतली 'आयपॅक' ही इस्रायलसमर्थक लॉबी मात्र खरी आहे. ती उघड काम करते, तिच्या राजकीय खर्चाचे तपशील जाहीर होतात आणि तिच्यावर बोलण्यात गैर काही नाही. तरीही शब्द निवडून वापरा. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकी खासदार इल्हान ओमर यांनी इस्रायलला मिळणाऱ्या पाठिंब्यामागे केवळ पैसा आहे अशा अर्थाचे छोटे विधान केले; विषय रास्त होता, पण 'ज्यू म्हणजे पैसा' ही शेकडो वर्षांची शिवी त्यात वाजली आणि त्यांना माफी मागावी लागली. चित्रांबाबत तर जास्तच जपा. लंडनमधल्या २०१२ च्या एका भित्तिचित्रात गरिबांच्या पाठीवर पट मांडून खेळणारे सावकार होते. चित्रकार म्हणाला, हे वर्गाबद्दल आहे. पुढे ब्रिटनच्या लेबर पक्षाचे नेते झालेले जेरेमी कॉर्बिन यांनी त्याची पाठराखण केली आणि २०१८ मध्ये चित्र नीट पाहिले नव्हते असे म्हणत खेद व्यक्त केला. लांब नाक, ऑक्टोपस, कठपुतळ्यांच्या दोऱ्या, रक्त हे असलेले व्यंगचित्र पुढे पाठवू नका. बाजूचा मजकूर कितीही रास्त असो.

'आपल्याकडे ज्यूद्वेष नाहीच, मग आपल्याला काय?'

या अभिमानाला आधार आहे. बेने इस्रायली समाज अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून उतरला अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवणारे 'शनिवार तेली' झाले, दिवेकर, पेणकर अशी आडनावे त्यांनी घेतली, आणि मराठी हीच त्यांची मातृभाषा राहिली. शेजाऱ्यांनी त्यांना छळल्याचा इतिहास नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊस निवडले गेले, तिथे रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले, ते ज्यू केंद्र म्हणूनच. हिटलरचे आत्मचरित्र आपल्या पुस्तकांच्या दुकानांत, मराठी अनुवादातही, यशाच्या पुस्तकांच्या शेजारी सहज मिळते. द्वेषाचा इतिहास नसलेल्या जागी कटकथा खपायला उलट सोपी जाते, कारण तिचा साचा ओळखीचा नसतो. आणि कथा कुठवर जाते ते पाहा : अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये ११ जणांना मारणाऱ्या इसमाला ज्यू संस्था स्थलांतरितांना देशात घुसवत आहेत, या कथेने पेटवले होते.

तुमच्यावर आरोप झाला तर

पहिला मोह असतो तो 'माझे ज्यू मित्र आहेत' सांगण्याचा. ते सांगू नका. त्याने काहीच सिद्ध होत नाही. दुसरा मोह 'ही लॉबीची चाल आहे' म्हणण्याचा, आणि तो घातक. आरोपाचा गैरवापर होतो हे खरे. ब्रिटनच्या लेबर पक्षात कॉर्बिनसमर्थक आणि कॉर्बिनविरोधक, दोन्ही गटांनी ज्यूद्वेषाचा मुद्दा एकमेकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरल्याचे जुलै २०२२ च्या फोर्ड चौकशी अहवालाने नोंदवले. पण त्याच पक्षात ज्यू सदस्यांचा बेकायदा छळ झाल्याचे समानता आणि मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवले होते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत. 'प्रत्येक आरोप ही चाल' म्हणणारा माणूस स्वतःच एक कटकथा सांगत असतो. त्याऐवजी हे करा :

- नेमके कोणते वाक्य, चित्र किंवा सही, हे लेखी मागा. आरोप कोणत्या व्याख्येवर किंवा नियमावर आधारलेला आहे, तेही विचारा.
- मूळ मजकूर, तारीख आणि आधीची-नंतरची चर्चा जतन करा. घाईने काहीही पुसू नका. व्हिसाचा प्रश्न असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय तर नाहीच.
- ज्याला ते लागले त्याला कसे लागले हे एकदा शांतपणे ऐका. ऐकणे म्हणजे कबुली नव्हे.
- चूक असेल तर चुकीचे नाव घेऊन माफी मागा : 'हे चित्र मी पाठवले, त्यातले अमुक चिन्ह ज्यूंविरुद्ध वापरले जाते, ते मी काढले.' 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' ही माफी कोणीच धरत नाही, आणि ते बरोबरच आहे. मूळ टीका मागे घेण्याची गरज नसते.
- चूक नसेल तर थोडक्यात लेखी उत्तर द्या : कोणत्या सरकारच्या कोणत्या कृत्याबद्दल बोललो, कशाच्या आधारे, आणि ज्यू समाजाबद्दल काय म्हटलेले नाही. रागाच्या भरात रात्री पाठवू नका.
- चौकशीला एकट्याने जाऊ नका. विद्यार्थी संघटना, कामगार संघटना किंवा वकील, कोणीतरी बरोबर असू द्या.

कायदा कुठे काय म्हणतो

भारत : समाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १९६, आणि अफवांसाठी कलम ३५३ लागू शकते, 'मी फक्त पुढे पाठवले' हा बचाव भक्कम नाही. मात्र गटातल्या दुसऱ्याच्या मजकुराबद्दल, समान हेतू नसेल तर, व्हॉट्सअॅप गटाच्या अॅडमिनला दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. परदेशी सरकारवर टीका हा गुन्हा नाही.

जर्मनी : होलोकॉस्ट नाकारणे हा फौजदारी संहितेच्या कलम १३० खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. पॅलेस्टाइनसमर्थकांच्या 'नदीपासून समुद्रापर्यंत' या घोषणेवर नोव्हेंबर २०२३ मध्ये गृहखात्याने बंदी घातली; न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, तेव्हा निदर्शनाला जाण्याआधी तिथल्या पोलिसांच्या अटी वाचा. जून २०२४ पासून नागरिकत्व घेणाऱ्याला ज्यू जीवनाच्या रक्षणाची जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी मान्य करावी लागते.

ब्रिटन : २०१० च्या समानता कायद्याने ज्यूंना वंश आणि धर्म, दोन्ही आधारांवर संरक्षण आहे. पण ब्रिस्टल विद्यापीठाचे माजी प्राध्यापक डेव्हिड मिलर यांच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने झायनवादविरोधी विचारालाही तात्त्विक श्रद्धा म्हणून संरक्षण असल्याचे ठरवले. नोकरीच्या ठिकाणी बोलताना ही दोन्ही टोके ध्यानात ठेवा.

अमेरिका : भाषणस्वातंत्र्य सरकारविरुद्ध आहे, खासगी मालकाविरुद्ध नाही; मालक कामावरून काढू शकतो. व्हिसावर असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. २०२५ मध्ये अनेक विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, त्यांत भारतीयही होते. एप्रिल २०२५ पासून स्थलांतर खाते अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरचा ज्यूद्वेषी मजकूर विचारात घेते, आणि जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती खुली ठेवायला सांगितले आहे. हे आम्हाला न्याय्य वाटत नाही, पण मुलाखतीच्या खिडकीशी वाद घालून उपयोग नाही. अर्जात खाती लपवू नका. खोटी माहिती हा वेगळा आणि मोठा अपराध ठरतो.

तक्रार तुम्हालाच करायची असेल तर

कार्यालयात, वर्गात किंवा इमारतीच्या गटावर ज्यूंबद्दल द्वेषाचा मजकूर दिसला आणि बोलायचे ठरवले, तर नियम तेच : माणसावर शिक्का नको, वाक्यावर बोट ठेवा. 'तू ज्यूद्वेषी आहेस' म्हटले की समोरचा आपले चारित्र्य सांगत बसतो; 'हे वाक्य १९०३ च्या बनावट कागदातून आले आहे' म्हटले की त्याला त्या वाक्याबद्दल बोलावे लागते. गटापेक्षा आधी खासगीत सांगा. पुरत नसेल तर संबंधित समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय करायचा असतो. धमकी किंवा हिंसेची चिथावणी असेल तर थेट पोलिस ठाणे.

परदेशात नोकरी गेली किंवा प्रवेश रद्द झाला, तर अपिलाची मुदत पहिल्याच दिवशी विचारून घ्या. ती बहुधा आठवड्यांत किंवा महिन्यांत मोजली जाते. जर्मनीत नोकरीवरून काढल्याविरुद्ध दावा लावायला पत्र हाती पडल्यापासून तीनच आठवडे असतात, आणि संस्थेशी चालू असलेल्या समजुतीच्या बोलण्यांनी ती मुदत वाढत नाही.